छावणीतील कावीळ : विस्थापितांना गाठणारा हिपॅटायटिस ई

सुदानच्या पश्चिमेकडील दारफुर भागात २००३ साली यादवी पेटली आणि गावेच्या गावे ओस पडली. जीव वाचवून बाहेर पडलेली माणसे थोडेफार संरक्षण आणि पाणी मिळेल अशा ठिकाणी गोळा झाली. पश्चिम दारफुरमधील मोर्ने हे त्यांपैकी एक. २००४ च्या मध्यापर्यंत तेथील छावणीत सुमारे ७८,८०० विस्थापितांची वस्ती झाली होती. त्याच पावसाळ्यात छावणीच्या दवाखान्यात डोळे पिवळे झालेले रुग्ण येऊ लागले. पुढील सहा महिन्यांत नोंदलेल्या रुग्णांची संख्या २,६२१ वर गेली. त्यांपैकी २५३ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि ४५ जण दगावले. दाखल झालेल्यांत ६१ गर्भवती स्त्रिया होत्या. त्यांतील १९ जणींचा मृत्यू झाला. म्हणजे दर तीन गर्भवतींमागे जवळजवळ एक.

साथ ओसरल्यानंतर झालेल्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली आणि ती छावण्यांत पाणीपुरवठ्याचे काम करणाऱ्या संस्थांना अस्वस्थ करणारी होती. मोर्नेत काही लोक विंधनविहिरींचे पाणी पीत, तर काहींना नदीपात्रातून उपसून क्लोरिन मिसळलेले पाणी मिळे. ज्यांना काळजीपूर्वक 'शुद्ध' केलेले हे दुसरे पाणी मिळत होते, त्यांच्यात आजाराची शक्यता सुमारे अडीच पट अधिक आढळली. क्लोरिनमुळे कावीळ झाली, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. नदीचे पाणी मुळातच मैल्याने दूषित होते आणि त्यात टाकलेला क्लोरिन विषाणूला पुरून उरला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण जे पाणी निर्धोक समजून वाटले गेले तेच घातक ठरावे, ही बाब या आजाराच्या इतिहासात नवी नव्हती. जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी दिल्लीत नेमके हेच घडले होते.

लक्षण एक, विषाणू अनेक

कावीळ हे रोगाचे नाव नसून लक्षणाचे नाव आहे. यकृताला सूज आली की पित्तातील पिवळे द्रव्य रक्तात साचते आणि डोळे, त्वचा, लघवी पिवळी दिसू लागते. हा दाह घडवून आणणाऱ्या विषाणूंना ए, बी, सी, डी आणि ई अशी नावे आहेत. बी, सी आणि डी हे प्रामुख्याने रक्तातून व शरीरद्रव्यांतून पसरतात. ए आणि ई यांचा मार्ग मात्र एकच : रुग्णाच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या तोंडात. गळ्यात माळ घालून किंवा मंत्राने कावीळ 'उतरवणाऱ्यांचा' धंदा आपल्याकडे इतकी वर्षे चालला तो याच दोन विषाणूंच्या जिवावर; कारण बहुसंख्य रुग्ण औषधाशिवाय आपोआप बरे होतात आणि श्रेय माळेला मिळते.

ए आणि ई यांच्यात एक महत्त्वाचा फरक आहे. जिथे स्वच्छता बेताची असते तिथे हिपॅटायटिस ए बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो. तेव्हा तो सौम्य असतो, अनेकदा कळतही नाही, आणि त्यानंतर आयुष्यभर संरक्षण देतो. हिपॅटायटिस ईचे तसे नाही. त्याचा मोठा मारा पंधरा ते चाळीस-पंचेचाळीस या वयोगटावर होतो. एकूण रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण सामान्यतः अर्धा ते चार टक्के असते. गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत मात्र ते वीस ते पंचवीस टक्क्यांवर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे दोन कोटी लोकांना या विषाणूचा संसर्ग होतो. त्यांपैकी ३३ लाखांच्या आसपास लोकांमध्ये लक्षणे दिसतात. २०१५ या एका वर्षात त्याने सुमारे ४४ हजार बळी घेतले, असे संघटनेचे अनुमान आहे.

दिल्लीचा धडा

ऑक्टोबर १९५५ मध्ये यमुनेला पूर आला. तो ओसरल्यावर नदीने आपला प्रवाह बदलला आणि वझीराबाद येथील जलउपसा केंद्रापासून ती दूर सरकली. त्यामुळे नजफगड नाल्याचे सांडपाणी उलट्या दिशेने उपसा केंद्राकडे येऊ लागले. नोव्हेंबरच्या मध्यास हा प्रकार अभियंत्यांच्या ध्यानात आला. त्यांनी तुरटी आणि क्लोरिनची मात्रा वाढवली आणि प्रवाह पूर्ववत करण्याची खटपट केली. त्यांच्या दक्षतेला काही अंशी यशही आले, कारण त्या काळात शहरात विषमज्वर किंवा आमांश वाढला नाही. जिवाणू मेले होते. मात्र डिसेंबरच्या प्रारंभी काविळीचे रुग्ण येऊ लागले आणि जानेवारी अखेरीपर्यंत त्यांची संख्या २९,३०० झाली. पाणी बिघडल्याचा काळ आणि रुग्ण दिसू लागल्याचा काळ या दोन्हींची इतकी नेमकी नोंद असलेली साथ दुर्मीळ. म्हणूनच आजही पाठ्यपुस्तकांत तिचा उल्लेख होतो.

त्या वेळी ती हिपॅटायटिस एची साथ मानली गेली. पुढे १९७० च्या दशकात हिपॅटायटिस एची रक्तचाचणी उपलब्ध झाली आणि या समजाला धक्का बसला. दिल्लीच्या साथीतील जपून ठेवलेल्या रक्तद्रवांची, तसेच १९७५-७६ मधील अहमदाबादच्या आणि १९७८-७९ मधील पुण्याच्या नमुन्यांची तपासणी झाली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञ या कामात सहभागी होते; संस्थेच्या तत्कालीन संचालक डॉ. खोर्शेद पावरी यांचाही त्यांत समावेश होता. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की या साथी ए किंवा बी यांपैकी कोणत्याही विषाणूच्या नव्हत्या. पाण्यातून पसरणारा आणखी एक विषाणू अस्तित्वात होता आणि त्याला तोवर नावही नव्हते.

याच सुमारास काश्मीरमध्ये डॉ. मोहम्मद सुलतान खुरू हे तरुण वैद्यक दुसऱ्या वाटेने त्याच निष्कर्षापर्यंत पोहोचले. १९७८ च्या हिवाळ्यात खोऱ्यातील सुमारे दोनशे गावांत काविळीची साथ पसरली. नंतरच्या अंदाजानुसार तीत ५२ हजार लोकांना कावीळ झाली आणि १,७०० जण मृत्युमुखी पडले. खुरू यांनी गावोगाव फिरून पाहणी केली. पाहणीतील २०८ गर्भवतींपैकी ३६ जणींना कावीळ झाली होती आणि त्यांपैकी आठ जणींचे यकृत झपाट्याने निकामी झाले होते. गर्भवती नसलेल्या स्त्रियांत हे दोन्ही प्रकार कितीतरी विरळ होते. गर्भवतींना हा आजार वेचून मारतो, हे निरीक्षण तेव्हापासून कायम आहे.

विषाणू प्रत्यक्ष दिसला तो १९८३ साली. सोव्हिएत विषाणुशास्त्रज्ञ मिखाईल बलायन यांनी अफगाणिस्तानातील सोव्हिएत सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्राशन केला. सुमारे पाच आठवड्यांनी त्यांना कावीळ झाली. मग त्यांनी स्वतःच्याच विष्ठेत २७ ते ३० नॅनोमीटर आकाराचे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले. आजच्या कोणत्याही नीतिसमितीने या प्रयोगास परवानगी दिली नसती, हे उघड आहे. १९९० मध्ये विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा उलगडा झाला आणि 'हिपॅटायटिस ई' हे नाव रूढ झाले.

भारतात त्यानंतरही साथी येत राहिल्या. १९९१ मध्ये कानपुरात अंदाजे ७९ हजार लोकांना लागण झाली. २०१२ मध्ये इचलकरंजीत हजारो लोक आजारी पडले. मात्र शहरात रुग्णालय असते, पाण्याची दुसरी सोय होऊ शकते आणि ओरड करायला नगरसेवक व वर्तमानपत्रे असतात. छावणीत यांपैकी काहीच नसते.

सहा आठवड्यांची आघाडी

पटकीची साथ येते तेव्हा दूषित पाणी प्यायल्यापासून काही तासांत किंवा फार तर पाच दिवसांत माणूस आजारी पडतो. त्यामुळे स्रोत लवकर सापडतो आणि तो बंद केला की परिणाम आठवड्याभरात दिसतो. हिपॅटायटिस ईचा अधिशयन काळ म्हणजे संसर्ग ते लक्षणे यांतील अंतर दोन ते नऊ आठवड्यांचे, सरासरी सुमारे सहा आठवड्यांचे असते. दवाखान्यात पहिला पिवळा रुग्ण येतो तेव्हा पाणी बिघडून दीड महिना होऊन गेलेला असतो. त्या दीड महिन्यात संसर्ग झालेले शेकडो लोक छावणीत हिंडत-फिरत असतात आणि त्यांच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडत असतो. अनेकांना तर कावीळ होतच नाही, तरी ते विषाणू पसरवतात. त्या दिवशी सगळे पाणी निर्मळ झाले असे मानले, तरी पुढचे दीड महिना रुग्ण येतच राहणार. उपाय लागू पडतो आहे की नाही हे कळायलाही तेवढाच काळ जातो, आणि तोवर निधी देणाऱ्यांचे लक्ष दुसरीकडे वळलेले असते.

त्यातच निदानाचा प्रश्न. पिवळे डोळे म्हणजे हिपॅटायटिस ईच, असे आफ्रिकेत गृहीत धरता येत नाही. पीतज्वर, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस यांतही कावीळ दिसते. पीतज्वर असेल तर करावयाचे उपाय अगदी वेगळे, म्हणून तो आधी वगळावा लागतो. रक्ताचे नमुने अनेकदा परदेशी प्रयोगशाळेत पाठवावे लागतात. विमान आठवड्यातून एखादेच, पावसात धावपट्टी चिखलात गेलेली, नमुने थंड ठेवण्याची सोय अपुरी. पुष्टी मिळेपर्यंत आणखी काही आठवडे निघून जातात.

किटगुम : पाणी सुधारले, साथ थांबली नाही

उत्तर युगांडात सरकारी फौजा आणि 'लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी' यांच्यातील संघर्षामुळे वर्षानुवर्षे लाखो लोक छावण्यांत राहत होते. २००६ मध्ये शांतता वाटाघाटी सुरू झाल्या. लोक हळूहळू गावी परतण्याच्या तयारीला लागले. अशा वेळी, ऑक्टोबर २००७ मध्ये, किटगुम जिल्ह्यातील मादी ओपेई येथे काविळीची साथ सुरू झाली. जून २००९ पर्यंत जिल्ह्यात १०,१९६ रुग्ण आणि १६० मृत्यू नोंदले गेले. जिल्ह्यातील साथग्रस्त लोकसंख्येच्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना आजार झाला, असे अभ्यासकांना आढळले. मृतांत दोन वर्षांखालील बालकांचाही समावेश होता, जे हिपॅटायटिस ईच्या बाबतीत अनपेक्षित होते.

किटगुमच्या अनुभवाने एक रूढ समजूत मोडीत काढली. हिपॅटायटिस ई माणसाकडून माणसाला थेट फारसा लागत नाही, असे पुस्तके सांगत. इथे मात्र कूपनलिकांची संख्या वाढवल्यावर आणि पाण्यात क्लोरिन टाकल्यावरही साथ दीड वर्षाहून अधिक काळ चालू राहिली. शोध घेता दोन साध्या गोष्टी समोर आल्या. अनेकांनी एकाच भांड्यातील पाण्यात हात धुणे ही एक आणि रुंद तोंडाच्या भांड्यात पाणी साठवणे ही दुसरी. जेवणापूर्वी पाहुण्यासमोर हात धुण्याचे भांडे फिरवणे हा शिष्टाचार. पण पाणी एकदाच भरलेले असेल तर पहिल्याच्या हातावरचे शेवटच्याच्या हाताला लागते. रुंद तोंडाच्या भांड्यात पेला बुडवताना बोटे बुडतात. म्हणजे नळाशी शुद्ध असलेले पाणी घरात येऊन बिघडत होते. आपल्याकडे माठातून ओगराळ्याने पाणी घेण्याची जी जुनी पद्धत होती, तिच्यात शहाणपण होते, असे म्हणायला हरकत नाही.

मबान : काळ्या मातीतले शौचकूप

जुलै २०११ मध्ये दक्षिण सुदान स्वतंत्र झाला. त्याच वर्षी सीमेपलीकडे, सुदानच्या ब्लू नाईल राज्यात लढाई सुरू झाली आणि निर्वासितांचा लोंढा दक्षिण सुदानच्या अप्पर नाईल राज्यातील मबान जिल्ह्यात आला. जमाम, डोरो, गेंद्रासा आणि युसूफ बातिल या चार छावण्यांत लाखाहून अधिक माणसे राहू लागली.

मबानची जमीन काळी, चिकण. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याला ती सांगावी लागणार नाही. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात पाणी जिरू न देणारी. अशा जमिनीत शौचकूप खणला, तर पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरतो, कडा ढासळतात आणि मैला पृष्ठभागावर तरंगत बाहेर येतो. सखल भागातील जमाम छावणीचा मोठा भाग २०१२ च्या पावसात पाण्याखाली गेला. जुलैमध्ये काविळीचे पहिले रुग्ण दिसले. जानेवारी २०१३ अखेर चारही छावण्यांत मिळून ५,०८० रुग्णांची नोंद झाली होती.

आणीबाणीतील मदतकार्यासाठी 'स्फिअर' नावाने ओळखले जाणारे किमान निकष जगभर वापरले जातात. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, एका नळावर २५० हून अधिक माणसे नसावीत, वीस माणसांमागे एक शौचकूप, पाण्यात वाटपस्थळी प्रति लिटर ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरिन आणि गढूळपणा ५ एककांपेक्षा कमी. कागदावर हे निकष फार मोठे वाटत नाहीत. वीस माणसांचे एकत्र कुटुंब एका संडासात भागवतेच की, असे म्हणता येईल. पण लाख माणसांसाठी पाच हजार शौचकूप काळ्या मातीत, पावसात, काही आठवड्यांत उभे करायचे, हे गणित मांडले की अडचण ध्यानात येते.

गढूळपणाचा निकष मोर्नेच्या कोड्यावर थोडा प्रकाश टाकतो. गढूळ पाण्यात मातीचे आणि सेंद्रिय कचऱ्याचे कण असतात. क्लोरिनचा बराचसा भाग या कणांशी झुंजण्यात खर्च होतो आणि कणांच्या आडोशाला विषाणू टिकून राहतात. म्हणून आधी तुरटीने पाणी निवळून घ्यायचे, मग क्लोरिन घालायचा, अर्धा तास थांबायचे आणि त्यानंतर शिल्लक क्लोरिन मोजायचा, हा क्रम चुकवून चालत नाही. रांगेत तीन तास उभ्या असलेल्या बायांसमोर टाकी अर्धा तास बंद ठेवणे किती अवघड असते, हे छावणीत काम केलेल्यांनाच ठाऊक. शिवाय हिपॅटायटिस ईचा विषाणू प्रयोगशाळेत वाढवणे फार कठीण, त्यामुळे त्याला नष्ट करण्यास नेमका किती क्लोरिन लागतो याची प्रत्यक्ष मोजमापे दीर्घकाळ तुटपुंजीच राहिली.

गर्भवतीच का?

या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अजूनही मिळालेले नाही. गर्भारपणात बदलणारी प्रतिकारव्यवस्था, संप्रेरकांची वाढलेली पातळी, कुपोषण, विषाणूचा प्रकार अशी अनेक कारणे सुचवली गेली. माणसांत साथी घडवणारे विषाणूचे पहिला आणि दुसरा हे जनुकीय प्रकार आशिया व आफ्रिकेत आढळतात आणि गर्भवतींचे मृत्यू प्रामुख्याने त्यांच्यामुळे होतात. श्रीमंत देशांत डुकराच्या कच्च्या मांसातून पसरणारा तिसरा प्रकार गर्भवतींच्या बाबतीत तितका घातक दिसत नाही. हा भेद संशोधनाच्या अग्रक्रमावरही परिणाम करून गेला असावा, अशी शंका घेण्यास जागा आहे.

दवाखान्यात काय घडते ते मात्र स्पष्ट आहे. यकृत निकामी होते, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, रुग्ण ग्लानीत जाते. अशा अवस्थेत प्रसूती झाली तर रक्तस्राव आटोक्यात येत नाही. बाळ वाचेलच असे नाही. विषाणूवर वापरता येईल असे रिबाविरिन हे औषध गर्भास अपायकारक असल्याने गर्भवतीस देता येत नाही. उरतात ते सलाईन, रक्त आणि शुश्रूषा. केनियातील दादाब येथील सोमाली निर्वासितांच्या छावण्यांत २०१२ मध्ये साथ आली, तेव्हा पहिल्या काही महिन्यांत नोंदलेल्या २२३ रुग्णांपैकी चार दगावले. चौघीही नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया होत्या.

लस होती, छावणीत नव्हती

हिपॅटायटिस ईवर लस नाही, असे आजही अनेकांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. नेपाळी सैनिकांवर घेतलेल्या चाचणीत एक लस ९५ टक्क्यांहून अधिक परिणामकारक ठरल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. ती कधीच बाजारात आली नाही. चीनमधील इनोव्हॅक्स कंपनीची 'हेकोलिन' ही दुसरी लस. जिआंग्सू प्रांतात एक लाखाहून अधिक लोकांवर तिची चाचणी झाली आणि तिन्ही डोस घेतलेल्यांमध्ये वर्षभरात एकालाही हिपॅटायटिस ई झाला नाही, असे २०१० साली जाहीर झाले. दहा वर्षांच्या पाठपुराव्यातही तिची परिणामकारकता सुमारे ८७ टक्के राहिल्याचे नंतर दिसून आले. चीनने २०११ मध्ये तिला परवाना दिला. मबानची साथ सुरू झाली तेव्हा ही लस अस्तित्वात होती, पण केवळ चीनमध्ये.

अडथळे अनेक होते आणि ते सर्वच निराधार नव्हते. लस तीन डोसांची. पहिल्यानंतर महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. आज इथे तर उद्या तिथे असलेल्या विस्थापितांना सहा महिन्यांनी पुन्हा गाठणार कसे? जिच्यासाठी लस सर्वाधिक हवी त्या गर्भवतीला, नेहमीच्या प्रथेप्रमाणे, चाचणीतून वगळलेले. नकळत लस घेतलेल्या मूठभर स्त्रियांचीच माहिती हाती. जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता त्या वेळी नव्हती, आणि तिच्याशिवाय संयुक्त राष्ट्रांच्या संस्था लस विकत घेत नाहीत. २०१५ मध्ये संघटनेने भूमिका जाहीर केली : नियमित लसीकरणाची शिफारस नाही, मात्र साथीच्या प्रसंगी, गर्भवतींसह जोखमीच्या गटांसाठी वापराचा विचार व्हावा. मग त्यानंतरही सात वर्षे कोणत्याही साथीत ती वापरली गेली नाही, याला केवळ शास्त्रीय सावधगिरी म्हणता येणार नाही. ज्यांच्याकडे पैसे नाहीत अशांच्या आजारावरील लसीला बाजार नसतो. आणि बाजार नसला की मान्यतेची कागदपत्रे पुढे सरकवण्याची घाई कोणालाच नसते.

ही कोंडी बेंतियुमध्ये फुटली. दक्षिण सुदानच्या युनिटी राज्यातील हे शहर. डिसेंबर २०१३ मध्ये यादवी सुरू झाल्यावर लोकांनी तेथील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या तळाचा आश्रय घेतला आणि त्या तळाचीच लाखभर वस्तीची छावणी झाली. २०१५-१६ मध्ये तिथे हिपॅटायटिस ईची साथ येऊन गेली होती. २०२१ च्या महापुराने छावणीला बेटाचे रूप दिले. मातीच्या बांधांनी पाणी थोपवून धरलेले, आत वाढती गर्दी आणि मैला उपसण्याची व्यवस्था कोलमडलेली. जुलै २०२१ पासून मार्च २०२२ पर्यंत 'मेदसाँ साँ फ्राँतिए' (एमएसएफ) या वैद्यकीय संस्थेच्या रुग्णालयात ७५९ रुग्णांवर उपचार झाले, १७ दगावले. मार्च २०२२ मध्ये देशाचे आरोग्य मंत्रालय आणि एमएसएफ यांनी तेथे लसीकरण हाती घेतले. साथीला उत्तर म्हणून हेकोलिनचा हा जगातील पहिला वापर. १६ ते ४० वयोगटातील सुमारे २५ हजारांहून अधिक लोकांना, गर्भवतींसह, लस देण्याचे उद्दिष्ट होते. मार्च, एप्रिल आणि ऑक्टोबर अशा तीन फेऱ्या झाल्या. सहा महिन्यांनी लोक सापडणार नाहीत, ही भीती बेंतियुत बरीचशी फोल ठरली, कारण चहूबाजूंनी पाणी असलेल्या त्या जागेतून लोक जाणार तरी कुठे!

निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत, निर्णायक नाहीत. दोन डोसांनी आजार टळत असल्याचे संकेत मिळाले. पण लसीकरणानंतर पक्के निदान झालेले रुग्णच मोजके असल्याने आकडेवारीला भक्कमपणा येऊ शकला नाही. दरम्यान, बांगलादेशातील चाचणीत नकळत गर्भारपणात किंवा त्याच्या थोडे आधी लस घेतलेल्या स्त्रियांमध्ये गर्भपाताचे प्रमाण अधिक असल्याची शंका उपस्थित झाली होती. बेंतियुतील गर्भवतींच्या पाठपुराव्यात तसा वाढीव धोका आढळला नाही. ज्या ठिकाणी लागण झालेल्या दर चार-पाच गर्भवतींमागे एकीचा जीव जातो, तिथे हा हिशेब पुण्या-मुंबईतल्या दवाखान्यापेक्षा वेगळा मांडावा लागतो, हेही लक्षात घ्यायला हवे. २०२३ च्या एप्रिलपासून दक्षिण सुदानच्याच जोंगलेई राज्यात, पुराने वेढलेल्या फांगाक भागात साथ उद्भवली. एमएसएफने पाचशेहून अधिक रुग्णांवर उपचार केले आणि २१ जण मरण पावले. त्यांत स्त्रियांची संख्या अधिक होती. तिथेही मग १६ ते ४५ वयोगटातील स्त्रियांना लस देण्याची मोहीम झाली.

सीमेच्या दोन्ही बाजूंना

विस्थापितांच्या छावणीतील प्रत्येक कावीळ ईचीच असते असे नाही. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझा पट्टीत काविळीचे जे थैमान सुरू झाले ते हिपॅटायटिस एचे होते. ऑगस्ट २०२४ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या पॅलेस्टिनी निर्वासितविषयक संस्थेने त्याच्या सुमारे ४० हजार रुग्णांची माहिती दिली. युद्धापूर्वीच्या तेवढ्याच काळात ही संख्या ८५ होती. विषाणू वेगळा असला तरी सांडपाणी आणि पिण्याचे पाणी एकत्र आल्याची खूण तीच.

दारफुरमध्ये एप्रिल २०२३ पासून पुन्हा युद्ध पेटले. या वेळी पश्चिम दारफुरमधील लाखो लोक सीमा ओलांडून चाडच्या उआदाई प्रांतात गेले. जानेवारी ते एप्रिल २०२४ या काळात त्या प्रांतातील आद्रे आणि हादजेर हादिद या दोन आरोग्य जिल्ह्यांत हिपॅटायटिस ईचे दोन हजारांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. मृतांत गर्भवती होत्या. एमएसएफने त्या वेळी दिलेल्या आकड्यांनुसार मेचे येथील छावणीत २२५ माणसांमागे, तर आद्रेत ६७७ माणसांमागे एक शौचकूप होता.